पहिल्या तारखेचा माणूस

३ ऑक्टोबर, गुरुवार

टेबलाचा वरचा खण उघडला आणि आत सुकट निघाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अर्धी खाल्लेली, कधीची कोण जाणे. नव्या नोकरीचा पहिला दिवस असा उजाडला.

नोकरी म्हणजे खाडी-मापन केंद्र. मांडवी बंदराच्या अंगाला एका ट्रस्टची दुमजली इमारत, जिन्यात शेवाळ. जयगड, आंजर्ले, केळशी इथल्या खाड्यांच्या तोंडाशी यांची यंत्रं आहेत. ती पाण्याची उंची आणि वाळूची पातळी मोजतात आणि आकडे इथे येतात. बारा वर्षं हे चाललं आहे. आंजर्ल्याच्या तोंडाशी वाळू साचून होड्या उलटायला लागल्या, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि आता त्यांना बाराही वर्षांचे आकडे महिनाअखेर हवे आहेत.

ते सगळे टेपवर आहेत. काडेपेटीहून जरा मोठ्या कॅसेटी, महिन्याला एक. त्या भरणारं युनिक्स यंत्र परदेशी देणगीतून आलेलं, तेव्हाच जुनं होतं. त्याची डिस्क एवढीशी, त्यामुळे रोज संध्याकाळी दिवसाचे आकडे टेपवर चढवायचे आणि डिस्क पुसून टाकायची. म्हणजे टेपवर जे नाही ते कुठेच नाही. टेपवरचं सगळं काढून नव्या सर्व्हरवर न्यायचं, यासाठी मला घेतलं आहे. पुण्याच्या कंपनीने मार्चमध्ये नारळ दिला नसता तर मी या जिन्याला पायही लावला नसता.

आजवर हे सांभाळत होता तो विनोद नागवेकर. जयगडचा, पन्नाशी ओलांडलेला, पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर. तोंडात तंबाखू, खिडकीतून पिचकाऱ्या, खुर्चीवर मांजर. सुकट त्याचीच. डिसेंबरात तो केंद्रप्रमुख होणार, ट्रस्टने तसा शब्द दिला आहे. काय ती ट्रस्ट आणि काय तो शब्द.

दुपारी जेवता जेवताच तो माझ्या टेबलापाशी आला. "सोहोनी साएब, पुण्यात टेप चालवलीत काय कवा?"

नाही म्हटलं.

"मंग ऐका. मी चवदा वर्सं बोटीवर व्हतो, सगल्या दुनियेची यंत्रं बघितलंय. फायल निवडताना एन लावायला इसरू नका. नायतर टेप घरी पळते."

बोलताना भाकरीचा ओला कण माझ्या कागदावर येऊन पडला. पुढे तो सिंगापूरच्या कुठल्या तरी कॅप्टनबद्दल बोलत होता. मी कागद पुसत होतो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

युनिक्समध्ये प्रत्येक यंत्राला फायलीचं नाव असतं. आज्ञा देताना ते नाव द्यायचं, मग आज्ञा त्या यंत्राकडे जाते. सरळ गोष्ट आहे. पण टेपचं यंत्र एक आणि त्याला नावं दोन डझन! /dev/rmt या फोल्डरमधली यादी बघून डोकं भणभणलं. मूळ नाव 0. त्यापुढे अक्षर लावलं की यंत्राची वागणूक बदलते. टेपवर मजकूर किती दाट लिहायचा याचीच पाच अक्षरं. ज्याने हे रचलं त्याला कोणी जाब विचारला नसणार.

सकाळ दाटपणाच्या भानगडीत गेली. माहितीपुस्तिका वाचली, पुन्हा वाचली. वाचताना यंत्र तो स्वतः ओळखतं, तेव्हा नुसतं 0 चालेल, हे दुपारी ठरवलं.

उरला तो n. नुसतं 0 घेतलं तर प्रत्येक आज्ञा संपल्यावर यंत्र टेप मागे गुंडाळून सुरुवातीला आणतं. 0n घेतलं तर गुंडाळत नाही, टेप असेल तिथेच अर्धवट थांबते. हा पर्याय कोणासाठी ते वाचताच कळलं. जेवून ताट तिथेच सोडून उठणाऱ्यांसाठी. काम झालं की वस्तू जागच्या जागी गेली पाहिजे, आमच्या घरी हे शिकवावं लागलं नाही. मी 0 घेतलं.

एका टेपवर महिन्याच्या सगळ्या दिवसांचे गठ्ठे एकापुढे एक असतात. दहा तारीख हवी तर पहिली आज्ञा: नऊ गठ्ठे पुढे जा. दुसरी आज्ञा: तिथलं वाच. दोन आज्ञांच्या मध्ये यंत्र बराच वेळ घुर्रघुर्र करतं, मग गप्प होतं. म्हातारं झालं आहे.

टेपला हात लावण्याआधी प्रत्येक कॅसेटची खिटी सरकवली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. नागवेकर बघत होता. "चांगला हाय, चांगला हाय," म्हणाला आणि मांजराला टाळी दिली.

७ ऑक्टोबर, सोमवार

मला वाटलंच होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्याची टेप लावली. दहा तारीख मागितली, एक तारखेचे आकडे आले. वीस मागितली, एक तारखेचे आले. एकतीस मागितली, एक. दुसरी टेप, तिसरी, दहा वर्षांपूर्वीची, सगळीकडे तेच. प्रत्येक टेपवर त्या महिन्याची एक तारीख आणि पुढे काही नाही.

म्हणजे हा गृहस्थ महिन्याच्या पहिल्या तारखेला टेप भरायचा आणि बाकीचा महिना मांजराशी खेळायचा. डिस्क मात्र रोज पुसली जायची. बारा वर्षांतले महिन्याला एकोणतीस-तीस दिवस गेले. समुद्र वर आला की खाली गेला, वाळू कुठे सरकली, काही उरलं नाही. आणि हाच तोंडात भाकरी घेऊन मला फायली निवडायला शिकवत होता.

अक्षयाला दाखवलं. अक्षया म्हणजे आलेख काढणारी मुलगी, केळशीची, दिवसाचे आकडे पुसण्याआधी त्यांची सरासरी तेवढी तिच्याकडे जाते. तिने पडद्यावरच्या तारखा एकेक करून वाचल्या. म्हणाली, "सर, पण काकांना संध्याकाळी टेप लावताना मी रोज बघितलंय. मला चार वर्षं झाली इथे."

"लावणं वेगळं आणि भरणं वेगळं."

"हो, पण यंत्राचा आवाज पण यायचा."

मुलगी चांगली आहे, पण तिलाही त्या माणसाने काका करून ठेवलं आहे. मी पुन्हा एकदा पाच टेपा तपासल्या, तिच्या समाधानासाठी. तेच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी नागवेकरचं टेप लावणं आटोपल्यावर ट्रस्टचे अध्यक्ष सुर्वे यांना सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला, असं म्हणवत नाही. चहा ढवळत म्हणाले, "आम्हीही मासे खातो हो, सोहोनी. पण हा माणूस सभेत पायावर पाय टाकून बसतो, विश्वस्तांना उलट प्रश्न करतो. शब्द देऊन बसलो होतो, सुटका कशी करावी ते कळत नव्हतं." मग गंभीर झाले आणि पोलिसांत तक्रार करू म्हणाले. देणगीदारांना काय तोंड दाखवायचं? मी म्हटलं, पुरावा माझ्याकडे आहे. फक्त त्याला यंत्राच्या खोलीत सोडू नका, टेपांशी काही करून बसेल.

नागवेकरला बोलावलं. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. तो आधी हसला. मग मी चेष्टा करत नाही हे त्याला कळलं आणि तोंडातली तंबाखू त्याने अध्यक्षांच्याच कचराकुंडीत थुंकली.

"मी टेप भरली नाय? मी? अरे बोटीवर तीन-तीन म्हयने जमीन न बघता काम केलंय मी! तुमचा बाप आला तरी बोलायचा नाय असा."

"आवाज खाली," अध्यक्ष म्हणाले.

"मना खोलीत जाऊ द्या. आत्ता दाखवतंय."

"ते शक्य नाही," मी म्हणालो. "टेपा आता पुरावा आहेत."

त्यावर तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "साएब, तुमाला माझा वास येतो म्हणून माझा काम नासका काय?"

हे निव्वळ विषयांतर होतं आणि मी तसं सांगितलं. अशी माणसं मुद्दा संपला की जातीवर, वासावर, गरिबीवर घसरतात. त्याने दार आपटलं. जाताना म्हणाला, "गावात देवाला कौल लावतंय. तिथंच काय तो निकाल."

एका टेपचा निकाल आता फुलाच्या पाकळीवर लागणार आहे. मी घरी येऊन अंघोळ केली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून टेप भरायचं काम माझ्याकडे आहे. नवी कोरी कॅसेट घेतली. संध्याकाळी दिवसाचे आकडे चढवले, टेप आपोआप सुरुवातीला आली, बाहेर काढली, डबीत ठेवली, डबीवर तारीख लिहिली. नागवेकरच्या खुर्चीची गादी टाकून दिली. खोली फिनेलने पुसून घेतली. आता इथे माणसासारखं बसता येतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, आणि सोनं द्यायला नागवेकरच आला. सोनं म्हणजे आपट्याचं पान नव्हे, त्याची सही.

अक्षयाकडून आधीच कळलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सगळी वाडी जमली होती म्हणे. अक्षया हळू आवाजात म्हणाली, "डावी पडली, सर."

मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. ज्या कोर्टात स्वतः गेला त्याच कोर्टाने याला दोषी ठरवलं.

अकरा वाजता तो आला. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, तोंडात काही नाही. खुर्चीवरही बसेना. अध्यक्ष म्हणाले, कबुलीवर सही केलीस आणि नोकरी सोडलीस तर पोलिसांत जाणार नाही. त्याने मान हलवली. मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता: 'महिन्याच्या पहिल्या तारखेव्यतिरिक्त मी टेपा भरल्या नाहीत. ही गंभीर चूक मला मान्य आहे.' त्याने तो दोनदा वाचला.

"व्यतिरिक्त. चांगला शब्द काढलात," म्हणाला आणि सही केली.

मग मांजराला काखेत मारून जिना उतरला. मला वाटलं होतं आरडाओरडा करील, निदान हात तरी उगारील. त्याची माझी पूर्ण तयारी होती. काहीच झालं नाही, त्यामुळे दिवसभर कसंतरीच होत राहिलं. दुपारचा डबा गेला नाही. आंबोळी आंबट झाली होती बहुतेक.

पण कबुली ती कबुली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कोजागिरीचं उधाण. काल आंजर्ल्याच्या यंत्राने जे पाणी दाखवलं ते बघून अक्षया खुर्चीतून उठली. तिच्या चार वर्षांत एवढं वर आलेलं नाही, म्हणाली. पाणी आत शिरताना आणि ओसरताना तोंडाशी वाळू कुठून कुठे सरकते ते मिनिटामिनिटाने टिपलं गेलं आहे. सरकारी अहवालात हेच मुख्य पान होणार. तिचे थोरले काका विठू आंजर्ल्याला होडी घालतात. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची होडी याच वाळूवर उलटली आणि बरोबरचा एक जण गेला. हे तिने आजवर सांगितलं नव्हतं.

मी कालचे आकडे काल आणि आजचे आज टेपवर चढवले. डिस्क पुसली. डबीवर तारखा लिहिल्या. सगळं जिथल्या तिथे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जसं झालं तसंच लिहितो.

सकाळी अक्षयाने सतरा तारीख मागितली. मी नऊ तारखेला टेप सुरू केली, म्हणजे सतरा तारीख नववा गठ्ठा. आठ गठ्ठे पुढे जा म्हटलं. यंत्राने ते मानलंच नाही, टेप संपली म्हणालं. संपेल कशी? म्हटलं, निदान सुरुवात तरी बघू. पहिला गठ्ठा वाचला. नऊ तारीख दिसायला हवी होती, पण वीस दिसली. कालची. रविवार असूनही मी येऊन चढवलेली.

टेप काढली, फडक्याने पुसली, पुन्हा लावली. पुन्हा वीस, आणि त्यापुढे कोरं.

अक्षया माझ्या मागे उभी होती. ती उपरोधाने बोलली नाही, हे मला शपथेवर सांगता येईल. खरंच न कळून तिने विचारलं, "म्हणजे सर, तुम्ही फक्त कालच टेप भरलीत?"

"रोज भरली. रोज! तू बघितलंस ना मला लावताना?"

"हो," ती म्हणाली. "बघितलं."

यंत्र घुर्रघुर्र करून थांबलं होतं. तो आवाज मी पहिल्या दिवसापासून ऐकतो आहे. टेप मागे गुंडाळली जाण्याचा आवाज. प्रत्येक आज्ञेनंतर. मी स्वतःच निवडलेल्या फायलीने दिलेलं वचन ती इमानाने पाळत होती. रोज मी आधी भरलेल्याच्या पुढे जा म्हणायचो, ती जाऊन सुरुवातीला परत यायची, आणि दहा तारखेचे आकडे मी नऊ तारखेच्या डोक्यावर लिहिले, अकराचे दहाच्या, आणि सतराचं उधाण अठराने पुसलं.

आणि वाचतानाही तेच. नऊ गठ्ठे पुढे जा म्हटलं, ती गेली, आज्ञा संपली, ती सुरुवातीला परत आली. मग मी म्हटलं वाच, आणि तिने एक तारीख वाचली. दर वेळी. दर टेपवर.

टेप घरी पळते, असं तो म्हणाला होता. मी तेव्हा कागद पुसत होतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

जुन्या टेपा 0n ने वाचल्या. मी कोणाची तरी क्षमा मागत असल्यासारखा एकेक लावत होतो.

सगळं आहे. प्रत्येक महिन्याचा प्रत्येक दिवस. गणपती, दिवाळी, होळी. चक्रीवादळाच्या आठवड्यात किनाऱ्यावर वीज नव्हती, त्याही दिवसांचे आकडे आहेत. अक्षया म्हणते काकांनी तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरातून एका ट्रॉलरवाल्याचा जनरेटर उचलून आणला होता आणि सहा महिने त्याबद्दल बढाया मारत होते. मारणारच.

बारा वर्षांत एकच भोक आहे, नऊ ते एकोणीस ऑक्टोबरचं. ते माझं. सतरा तारखेचं पाणी पुन्हा तसंच येणार नाही. अक्षयाने कामाला सुरुवात केली, पाठ माझ्याकडे करून.

मी स्वतःला हुशार समजत होतो. पण आज वाचलं तर ही पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची गोष्ट आहे, आणि ते पान मी वाचलं होतं. वाचून नाक मुरडलं होतं. खरं सांगायचं तर आकडे एक तारखेला अडकलेले दिसले तेव्हा मला आश्चर्यच वाटलं नाही. आश्चर्य वाटलं असतं तर मी कारण शोधलं असतं. माझ्या मते अशा माणसाचं काम असंच असणार होतं. लहानपणी मांडवीच्या मासळीच्या रस्त्याने जाताना आई नाकाला पदर लावायची आणि मी तिचं बघून रुमाल. मला वाटायचं हा स्वच्छतेचा संस्कार आहे. शी!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

विश्वस्तांची सभा. मी उभा राहून सगळं सांगितलं. दोन्ही फायली, दोन्ही आज्ञा, काहीही न लपवता. म्हणालो, नागवेकर निर्दोष आहेत, चूक माझी आहे, आणि सतरा तारखेचे आकडे मी घालवले आहेत.

अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे बारा वर्षांचे आकडे मिळाले?"

"मिळाले."

"अभिनंदन! मग झालं तर."

"आणि उधाणाचे?"

"ते आपण तांत्रिक कारण म्हणून लिहू. यंत्र जुनं आहे, होतं असं."

"आणि नागवेकर?"

"त्यांनी कबुली दिलीय, सोहोनी. सही आहे."

"तो मजकूर माझा आहे. मी लिहिला."

"सही तर त्यांची आहे ना? खरा माणूस कशाला करील अशी सही? देवानंही त्यांना तोंडावर पाडलं म्हणतात." सगळे हसले. मग अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "डिसेंबरात केंद्रप्रमुखाची जागा तुम्हाला द्यायचं आमचं ठरलं आहे. आणि आता मला खरं सांगा. तुम्हाला तरी तो माणूस परत इथे बसलेला हवाय का?"

हवा आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिलो. दहा-पंधरा सेकंद असतील. तेवढ्यात अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

मी चुकलो तर तांत्रिक कारण, आणि तो चुकला नाही तरी राजीनामा. हे मला त्या खोलीत कळत होतं, आणि तरी माझी जीभ हलली नाही. आजवर इतक्या गोष्टींची किळस आली, पण स्वतःच्या तोंडाची अशी कधी आली नव्हती.

२६ ऑक्टोबर, शनिवार

एस्टीने जयगडला गेलो. घर विचारत गेलो तर एक बाई म्हणाली, "टेपवाला विनोद काय? पैसं खाल्लान तो?" गावात बातमी अशी पोचली आहे.

तो पडवीत लुंगीवर बसून रेडिओ उघडून दुरुस्त करत होता. मला बघून उठला नाही. मी उभ्यानेच सांगितलं, माझी चूक होती, तुमच्या टेपा पूर्ण आहेत, प्रत्येक दिवस आहे.

"काय म्हणालात? परत सांगा. कान गेलेत बोटीवर."

परत सांगितलं. त्याने आतून बायकोला हाक मारली, कुंपणापलीकडच्या केरूलाही बोलावलं, आणि म्हणाला, "आता सांगा." तिसऱ्यांदा सांगितलं. केरूने मला नखशिखांत न्याहाळलं. नागवेकर दिलखुलास हसला, लांब पिचकारी मारली आणि सिंगापूरच्या कॅप्टनची गोष्ट काढली, त्याच्यावरही असाच आळ आला होता म्हणे. मी पाय मागे घेतला. माणूस निर्दोष ठरला म्हणून त्याची थुंकी गोड लागत नाही.

गोष्ट संपल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर सही का केलीत? कौल विरुद्ध गेला म्हणून? आपण खोटे आहोत असं वाटलं तुम्हाला?"

मी काही तरी अगदी पोरकट विचारलं असावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"कौल खऱ्याखोट्याचा लावलाच कुणी? खरा काय ता मना म्हाईत व्हता. टेप मी भरल्या, देवानं नाय भरल्या. त्येला कशाला इचारू?"

"मग काय विचारलंत?"

"इचारलं, ह्या लोकांशी भांडू काय? म्हटलं, आता उमेद नाय ऱ्हायली, पोरगी कॉलेजात हाय, पोलीस, कोर्ट, वकील. झुंजू काय सोडू? तर डावी पडली. देव म्हणाला नको, सोड. मी सोडला."

त्याची बायको दारात उभी होती. ती आत गेली. केरूही काही काम आठवल्यासारखा कुंपणापलीकडे निघून गेला.

मी म्हणालो, अध्यक्ष तुम्हाला परत घ्यायला तयार नाहीत. ती सही दाखवतात. मी सभेत बोललो, पण शेवटी गप्प राहिलो.

"व्हय?" त्याने रेडिओचा एक स्क्रू फुंकून साफ केला. आता तो हसत नव्हता. "मना देवानं भांडू नको सांगितलान, म्हणून मी गप बसलो. तुमाला कुणी नको सांगितलान, साएब?"

मी चपला घातल्या आणि निघालो. त्याने थांबा म्हटलं नाही.

घरी येऊन कागद लिहिला. बाराही वर्षांचे आकडे विनोद नागवेकर यांनी रोजच्या रोज टेपवर नोंदवले. त्यांची कबुली मी चुकीच्या तपासणीवरून लिहिली आणि त्यांच्याकडून करून घेतली. नऊ ते एकोणीस ऑक्टोबरचे आकडे माझ्या हातून नष्ट झाले, यंत्राच्या नव्हे. सोमवारी अध्यक्षांकडे ती कबुली परत मागणार आहे. ते देणार नाहीत. मग हा कागद सरकारी अहवालाला जोडून पाठवणार आहे. अक्षयाला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, जागा आहे, उधाणाचं पान रिकामंच आहे.

नोकरी राहत नाही, हे उघड आहे. नागवेकर मला आजही सहन झाला नाही, पुढेही होईलसं वाटत नाही.

कागदाखाली सही केली. सोमवारी साडेदहाला अध्यक्ष येतात.